स्लॅबवरचा आकडा वाचण्याआधी कार्डाचा जुना फोटो शोधा

स्पोर्ट्स कार्ड गोळा करायला सुरुवात केली की पहिला सल्ला मिळतो तो असा: "रॉ कार्ड घेऊ नका, स्लॅबमधलंच घ्या, म्हणजे फसणार नाही." रॉ म्हणजे सुटं, तपासणी न झालेलं कार्ड; स्लॅब म्हणजे तपासून, दर्जाचा आकडा देऊन कार्ड सीलबंद केलेली प्लास्टिकची डबी. सल्ला देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण सल्ला अर्धाच खरा आहे. प्लास्टिकच्या सीलबंद डबीत गेलेली, वर ८, ९ किंवा १० असा आकडा मिरवणारी कितीतरी कार्डं आधी कापलेली, रंगवलेली किंवा दाबून सपाट केलेली असतात. काही वेळा तर डबीच खोटी असते.

हा लेख अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर कार्डांचा नाद बऱ्याच घरांत शिरला. मुलांना खेळाडू पाठ असतात, क्रेडिट कार्ड मात्र आई-बाबांचं असतं. क्रिकेटवर वाढलेल्या बाबांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी काही बिघडत नाही. इथे खेळापेक्षा कागद, शाई आणि कात्री समजणं जास्त कामाला येतं.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. चांगल्या हाताने केलेला फेरफार नुसत्या बघण्याने क्वचितच सापडतो. तो सापडतो कारण फेरफार होण्यापूर्वीचा त्याच कार्डाचा फोटो कुठेतरी उरलेला असतो. खालच्या पायऱ्यांमध्ये पाचवी सगळ्यात लांब आहे ती त्यामुळेच. वेळ कमी असेल तर निदान तेवढी वाचा.

१. आकडा नेमकं काय सांगतो ते समजून घ्या

पीएसए ही कार्डांना ग्रेड देणारी कंपनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. पुढे बेकेटची बीजीएस, एसजीसी आणि अलीकडे सीजीसी आल्या. पद्धत सगळ्यांची साधारण सारखीच. तुम्ही कार्ड पाठवता, ते खरं आहे का आणि त्याला कुणी हात लावलाय का हे तिथला ग्रेडर बघतो, कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग (छपाई कार्डाच्या किती मधोमध बसलीय) यांवरून १ ते १० मधला ग्रेड देतो आणि कार्ड डबीत सीलबंद होतं. डबीला म्हणायचं स्लॅब. आतल्या चिठ्ठीवर ग्रेड आणि सर्ट नंबर, म्हणजे प्रमाणपत्राचा क्रमांक, असतो.

नव्या लोकांना हे सोन्याच्या हॉलमार्कसारखं वाटतं. पण दागिन्याची शुद्धता पुन्हा कुठेही तपासली तरी तीच येते. ग्रेडचं तसं नाही. तेच कार्ड डबीतून काढून पुन्हा पाठवलं तर आकडा बदलू शकतो, आणि बदलतोही. ग्रेड म्हणजे एका माणसाने त्या दिवशी, हातातल्या थोड्या वेळात दिलेलं मत.

लबाडीला जोर येतो तो वरच्या दोन आकड्यांमधल्या दरीमुळे. फ्लीअर या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या १९८६ च्या सेटमधलं मायकेल जॉर्डनचं ५७ नंबरचं कार्ड पीएसए १० ग्रेडमध्ये जानेवारी २०२१ मध्ये ७,३८,००० डॉलरला गेलं. त्याच कार्डाचा ९ ग्रेड त्याच्या एका लहानशा हिश्श्याइतक्या पैशांत मिळत होता. एका कोपऱ्यावरचा केसाएवढा पांढुरका ठिपका गेला की एवढा फरक पडत असेल, तर तो ठिपका घालवायला कुणीतरी बसणारच. अशा माणसाला या धंद्यात कार्ड डॉक्टर म्हणतात.

आता गंमत बघा. पीएसएने ग्रेड केलेलं सगळ्यात पहिलं कार्ड म्हणजे बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचं टी२०६. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या सेटमधलं हे कार्ड छंदातलं सगळ्यात प्रसिद्ध. १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते सदबीजच्या लिलावात ४,५१,००० डॉलरला घेतलं. त्याला ८ ग्रेड मिळाला, २००० मध्ये ते साडेबारा लाख डॉलरच्या वर गेलं आणि २००७ मध्ये अॅरिझोना डायमंडबॅक्स या बेसबॉल संघाचे मालक केन केंड्रिक यांनी २८ लाखांना घेतलं. मग २०१३ मध्ये शिकागोच्या फेडरल न्यायालयात लिलाववाले बिल मास्ट्रो यांनी मेल फ्रॉडचा गुन्हा कबूल केला, आणि त्यात हेही कबूल केलं की त्या कार्डाच्या बाजूच्या कडा त्यांनी स्वतः कापल्या होत्या. २०१५ मध्ये त्यांना २० महिन्यांची शिक्षा झाली. पहिल्याच स्लॅबची ही कथा असेल, तर पुढच्यांबद्दल जरा सावध राहिलेलं बरं.

२. फेरफारांचे प्रकार

ट्रिमिंग, म्हणजे काठ तासणं. सगळ्यात जास्त चालणारा प्रकार. झिजलेली कड धारदार पात्याने अगदी बारीक कापली की कोपरे टोकदार होतात. कार्ड मापात कमी भरेल, असं तुम्हाला वाटेल. पण जुन्या कारखान्यांत कापणी एकसारखी होत नसे. काही कार्डं मुळातच किंचित मोठी निघाली. डॉक्टर लोक अशीच कार्डं शोधून घेतात, कारण ती कापल्यानंतरही मापात बसतात.

रंग भरणं. टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९७१ च्या बेसबॉल सेटला काळी किनार आहे. ती कडेला जरा घासली की पांढरा कागद दिसतो. तिथे काळा मार्कर फिरवला की दुरून कार्ड नवं कोरं. गडद किनारीचा कुठलाही सेट घेताना ही शंका आधी धरा.

घडी दाबणं आणि कोपरा बांधणं. सुरकुती ओलावा आणि दाब देऊन सपाट केली जाते. ती काही महिन्यांनी स्लॅबच्या आतच पुन्हा वर येऊ शकते, कारण कागदाचे तुटलेले धागे जुळत नाहीत. कोपरा गोल झाला असेल तर कागदाचा लगदा लावून तो पुन्हा उभा करतात.

स्वच्छता. इथे मतभेद आहेत, आणि नव्या माणसाने ते माहीत करून घ्यावेत. वहीत चिकटवलेलं शंभर वर्षांपूर्वीचं कार्ड साध्या पाण्यात भिजवून सोडवणं बहुतेक जुन्या संग्राहकांना चालतं. ब्लीच, पॉलिश, रसायनं चालत नाहीत. च्युइंग गमच्या पाकिटातला मेणाचा डाग कापडाने पुसणं कुठे बसतं यावर दोन संग्राहक तासभर भांडू शकतात. माझ्यापुरता नियम असा: कागदात काही घातलं किंवा कागदातून काही काढलं, तर तो फेरफार. वर बसलेली धूळ झटकणं हा नाही.

शीट-कट. छापखान्यातले न कापलेले अखंड कागद बाजारात येतात. त्यातून घरी कापलेलं कार्ड अस्सल छपाईचं असतं, पण ते कधी पाकिटातून निघालेलं नसतं. ग्रेडिंग कंपन्या त्याला नियमित आकडा देत नाहीत, निदान ओळखलं तर.

पॅच बदलणं. नव्या महागड्या कार्डांत खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेला असतो. पांढरा साधा तुकडा काढून तिथे तीनरंगी, शिवण असलेला तुकडा चिकटवला की किंमत वाढते.

आणि शेवटचा प्रकार म्हणजे आतलं कार्ड, चिठ्ठी, डबी, सगळंच बनावट.

पीएसए ज्या कारणांनी आकडा नाकारते त्यांना सांकेतिक क्रमांक आहेत: एन१ म्हणजे कापल्याची खूण, एन२ डागडुजी, एन३ रंग भरणं, एन५ कागदात बदल, एन७ रासायनिक वा इतर स्वच्छता. कुणी रॉ कार्ड विकताना "एकदा पाठवलं होतं, उगाच परत आलं" असं म्हणाला, तर हा क्रमांक काय होता ते विचारा. उत्तर टाळलं गेलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

३. ग्रेडरच्या नजरेतून हे कसं सुटतं

लोक लगेच संगनमताचा आरोप करतात. तेवढ्या लांब जायची गरज नाही. २०२१ च्या मार्चमध्ये पीएसएकडे कार्डांचा असा ढीग साचला की बहुतेक स्वस्त सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. एवढ्या लोंढ्यात एका कार्डाच्या वाट्याला किती वेळ येत असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा. शिवाय ग्रेडरसमोर असतं फक्त आजचं कार्ड, काल ते कसं होतं हे त्याला ठाऊक नसतं. म्हणूनच २०२१ मध्ये पीएसएच्या मूळ कंपनीने जेनामिंट ही कंपनी विकत घेतली. कार्डाच्या प्रतिमेवरून ते कार्ड पूर्वी येऊन गेलंय का आणि त्यात काही बदललंय का, हे संगणकाने ओळखण्याचं तिचं तंत्र आहे. पण त्याआधी वर्षानुवर्षं भरलेले स्लॅब बाजारात फिरतायतच.

४. हाताशी काय ठेवायचं

फार खर्च नाही.

– १० पट आणि ३० पट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात तसं लूप
– ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च. स्वस्त जांभळ्या टॉर्चचा उपयोग नाही, तिचा स्वतःचाच उजेड डोळ्यांत जातो
– साधी पांढरी एलईडी टॉर्च, तिरपा उजेड टाकायला
– मिलिमीटरची पट्टी किंवा व्हर्नियर
– चपटा स्कॅनर. मोबाइलचा फोटो मोजमापाला चालत नाही
– त्याच सेटमधली दोन-तीन अगदी स्वस्त, कुणालाच नको असलेली कार्डं

शेवटची वस्तू लोक विसरतात. १९८६ फ्लीअरचा जॉर्डन घ्यायचा असेल तर आधी त्याच सेटमधल्या एखाद्या बाकावर बसून राहिलेल्या खेळाडूचं कार्ड काही डॉलरला आणा. अस्सल कागदाचा रंग, छपाईचे ठिपके, कडेचा खडबडीतपणा कसा असतो हे त्यावरून डोळ्यांत बसतं. नकली जॉर्डन बनवणारे खूप आहेत. त्या बिचाऱ्या राखीव खेळाडूचं नकली कार्ड बनवायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

५. सर्ट नंबर तपासा, आणि तिथून मागे चालत जा

कंपनीच्या संकेतस्थळावर सर्ट नंबर टाकला की नोंद उघडते: कुठलं कार्ड, कुठला ग्रेड, त्या ग्रेडची एकूण किती. नंबर जुळला म्हणजे काम झालं, असं समजू नका. बनावट स्लॅब करणारे लिलावाच्या फोटोतून खरा नंबर उचलतात आणि आपल्या खोट्या चिठ्ठीवर छापतात. मग नोंद खरी निघते आणि हातातली वस्तू खोटी. मे २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या दोघांवर न्यूयॉर्कच्या फेडरल सरकारी वकिलांनी असाच आरोप ठेवला: खोट्या ग्रेडिंगची स्पोर्ट्स आणि पोकेमॉन कार्डं, एकूण वीस लाख डॉलरच्या वरची.

नोंदीत फोटो असेल तर तो आणि समोरचं कार्ड शेजारी ठेवून बघा. जुन्या नोंदींना बरेचदा फोटो नसतो. तेव्हा शोध बाहेर न्यायचा. हेरिटेज, गोल्डिन, रॉबर्ट एडवर्ड ऑक्शन्स अशा लिलाव कंपन्यांच्या संग्रहात वर्षांपूर्वीच्या विक्रीचे मोठे फोटो पाहायला मिळतात. पीएसए स्वतः झालेल्या लिलावांच्या किमती ठेवते, त्यातही चित्रं असतात. कार्डाचा फोटो टाकून प्रतिमा-शोध करा. आणि फक्त या सर्ट नंबरावर थांबू नका, कारण डॉक्टरने ते कार्ड आधी वेगळ्याच नंबराच्या स्लॅबमधून फोडून काढलेलं असू शकतं. जुन्या लिलावांत त्याच खेळाडूची ५, ६, ७ ग्रेडची कार्डं चाळायची असतात. काम कंटाळवाणं आहे, पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या काही हौशी संग्राहकांनी नेमकं हेच केलं आणि शेकडो स्लॅबमधली कार्डं पूर्वी कमी ग्रेडमध्ये, वेगळ्या कडांसह विकली गेली होती हे फोटोंच्या जोड्या लावून दाखवून दिलं. ही कामगिरी कुठल्या प्रयोगशाळेची नव्हती. संध्याकाळी घरी बसून चित्रं जुळवणाऱ्या लोकांची होती.

तेच कार्ड आहे हे कसं ओळखायचं? छापताना प्रत्येक कार्डावर काही बारीक अपघात होतात: शाईचा चुकार ठिपका, पार्श्वभूमीत पांढरा गोल डाग, कागदातला एखादा गडद धागा, रंगांचे थर एकमेकांवर किंचित सरकलेले. सेंटरिंगही प्रत्येकाचं वेगळं. असे तीन-चार अपघात दोन्ही फोटोंत एकाच जागी सापडले की कार्ड तेच. क्रमांकित कार्डांचं काम आणखी सोपं, कारण ९९ पैकी २३ असं छापलेलं कार्ड जगात एकच असतं. त्याचा जुना फोटो काढा आणि जर्सीचा तुकडा तोच आहे का ते बघा.

आता मोजमाप. दोन फोटोंचा आकार वेगळा असतो म्हणून थेट मिलिमीटर मोजता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे आतल्या छापील चौकटीची रुंदी आधार धरायची. कात्री किनारीला लागते, चौकट तशीच राहते. समजा, चौकट ५८.५ एकक रुंद धरली तर जुन्या फोटोत डावी किनार ३ आणि उजवी २ भरते. म्हणजे सेंटरिंग ६०-४०. नव्या फोटोत त्याच प्रमाणात डावी २.२ आणि उजवी २ भरली. सेंटरिंग सुधारलं, ग्रेड वाढला, पण डावीकडचं ०.८ गेलं कुठे? कार्ड जुनं होताना वाढत नाही आणि एका बाजूने आक्रसतही नाही.

दोन सावधगिरी. फोटो तिरका काढलेला असेल तर हे गणित पार चुकतं, त्यामुळे सपाट स्कॅनच धरा. आणि स्लॅबच्या आतली पट्टी कधी कार्डाची कड झाकते. कड पूर्ण दिसत असेल तरच निष्कर्ष काढा. अर्ध्या पुराव्यावर एखाद्या विक्रेत्याला चोर ठरवणाऱ्यांचीही या छंदात कमी नाही.

६. वस्तू समोर असेल तर काय बघायचं

आधी डबी. फोडून पुन्हा चिकटवलेल्या स्लॅबच्या जोडावर पांढुरका, धुरकट पट्टा किंवा चरे दिसतात. पीएसएच्या नव्या चिठ्ठीवर क्यूआर कोड आणि प्रकाशात हलणारा दीपस्तंभाचा होलोग्राम असतो. अक्षरांची जाडी, अंतर, छपाईचा काळेपणा हे सगळं खात्रीच्या दुसऱ्या स्लॅबशी ताडून बघा, आणि तो त्याच काळातला हवा. चिठ्ठ्यांची रचना वेळोवेळी बदलली आहे. २००५ ची चिठ्ठी आजच्यासारखी दिसत नाही म्हणून खरी वस्तू नाकारू नका.

मग कडा. माझा भरवशाचा निकष एका ओळीत सांगता येतो: काठ तरुण, पाठ म्हातारी. पृष्ठभागावर झीज आहे, मागची बाजू पिवळसर झालीय, पण चारही कडा मात्र काल कापल्यासारख्या पांढऱ्या आणि सरळ. साठ वर्षं चारही बाजूंनी सारखीच जायला हवीत. लूपखाली कापलेली कड कधी मध्ये किंचित आत वळलेली किंवा तिरपी उतरलेली दिसते. एकच कड बाकी तिघींपेक्षा वेगळी असली तरी कान टवकारा.

१९५७ पासून टॉप्सचं माप अडीच बाय साडेतीन इंच झालं, आणि आजही तेच प्रमाण आहे. १९५२ चं टॉप्स याहून मोठं होतं. म्हणजे माप सेटनुसार बघायचं. स्लॅबमध्ये कार्डाच्या भोवती जास्त मोकळी जागा दिसणं ही शंका आहे, पुरावा नाही. अस्सल कार्डंही थोडी कमी-जास्त असतात.

रंगासाठी लूप. त्या काळची छपाई बारीक ठिपक्यांची असते. मार्करने भरलेल्या जागी ठिपके नसतात, एकसंध शाई कागदाच्या धाग्यांत झिरपलेली दिसते. अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्चखाली अशी जागा अनेकदा वेगळ्याच छटेने उठून दिसते. याच टॉर्चने पुनर्मुद्रणही पकडता येतं: कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती द्रव्यं साधारण १९५० च्या आधीच्या कागदात नसत, त्यामुळे १९१० चं म्हणून दाखवलेलं कार्ड निळसर चमकलं तर गडबड आहे. प्लास्टिकच्या आडून ही चाचणी फसवू शकते. रॉ कार्डावर ती जास्त विश्वासाची.

सुरकुतीसाठी साधी टॉर्च कार्डाला जवळजवळ समांतर धरा. समोरून न दिसणारी रेघ सावली टाकते.

७. विक्रेता आणि बोली

बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त, आणि वर "आजोबांच्या माळ्यावर सापडलं, मला यातलं कळत नाही" ही गोष्ट. अशी गोष्ट खरी असू शकते. पण ज्याला कळत नाही त्याने नेमक्या सगळ्यात महाग कार्डालाच स्लॅब कसा केला, हा प्रश्न विचारा.

स्लॅबच्या दोन्ही बाजूंचे आणि चारही कडांचे फोटो मागा. कागदावर आजची तारीख लिहून शेजारी ठेवायला सांगा. प्रामाणिक विक्रेत्याला याचा राग येत नाही.

लिलावात दुसरा सापळा खोट्या बोलीचा. विक्रेता स्वतः किंवा त्याचे मित्र बोली चढवत नेतात. मास्ट्रो यांच्यावरच्या खटल्यात कार्ड कापण्याइतकाच हाही मोठा भाग होता. यावर खात्रीचं औषध नाही. आधीच्या पाच-सहा विक्रींची सरासरी काढा, आपला आकडा कागदावर लिहा आणि त्यापुढे एक डॉलरही जाऊ नका. एकाच विक्रीच्या विक्रमी भावावरून कधीही किंमत ठरवू नका.

८. पैसे

प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाला झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या सेवेने किंवा पेपॅलच्या फ्रेंड्स अँड फॅमिलीने पैसे पाठवू नका. "तीन टक्के वाचतील" म्हणून खूप लोक आग्रह धरतात. त्या मार्गाने गेलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं. पेपॅल गुड्स अँड सर्व्हिसेसमध्ये १८० दिवसांत तक्रार करता येते. ईबेवर ठरावीक किमतीच्या वरची कार्डं आधी तपासणी केंद्रात जाऊन मग तुमच्याकडे येतात. बनावट स्लॅबविरुद्ध तो चांगला अडसर आहे. खऱ्या स्लॅबमधल्या कापलेल्या कार्डासाठी मात्र त्यावर विसंबू नका.

९. पार्सल आल्यावर

खोका उघडतानाचा अखंड व्हिडिओ घ्या, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा. त्याच दिवशी स्लॅब स्कॅन करून वरच्या तपासण्या करा. ईबेची परताव्याची हमी ३० दिवसांची असते आणि दिवस सुट्टीच्या गडबडीत भरभर जातात. शंका आली तरी स्लॅब फोडू नका! डबी फुटली की ग्रेडिंग कंपनीची हमी गेली, आणि "कार्ड तुम्हीच बदललं" म्हणायला विक्रेता मोकळा.

१०. गडबड निघाली तर

आधी हे कागद एका फोल्डरमध्ये:

– विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट, वर्णन आणि सगळ्या फोटोंसह
– पावती आणि पैसे दिल्याची नोंद
– विक्रेत्याशी झालेला सगळा संवाद. फोनवर बोलणं झालं असेल तर त्याचा सारांश लगेच त्याला लिहून पाठवा
– सर्ट नंबरच्या नोंदीचा स्क्रीनशॉट
– खोका उघडतानाचा व्हिडिओ, पार्सलची चिठ्ठी
– तुमचे स्कॅन, आणि जुना फोटो सापडला असेल तर तो, कुठून आणि कधीच्या विक्रीतला ते लिहून

मग क्रमाने जा. पहिल्यांदा विक्रेता, लेखी आणि थंड डोक्याने. बरेच विक्रेते स्वतःही फसलेले असतात आणि पैसे परत देतात. नाही दिले तर विक्रीच्या ठिकाणाची आणि पैसे दिलेल्या सेवेची तक्रार, मुदतीच्या आत.

स्लॅब खरा आणि कार्ड फेरफारित असेल तर ग्रेडिंग कंपनीचं दार वेगळं. पीएसएसारख्या कंपन्या आपल्या ग्रेडमागे आर्थिक हमी देतात: कार्ड स्लॅबसकट परत पाठवायचं, त्यांनी पुन्हा पाहिल्यावर चूक मान्य केली तर भरपाई. हमीच्या अटी पाठवण्याआधी वाचा. चिठ्ठीवरची उघड छपाईची चूक त्यात बसत नाही, आणि चूक झाली की नाही याचा निवाडा तीच कंपनी करते. म्हणून जुना फोटो सोबत जोडा. "मला कड विचित्र वाटते" या वाक्याला उत्तर देणं सोपं असतं. दोन स्कॅनमधल्या फरकाला अवघड.

रक्कम मोठी असेल, किंवा विक्रेता असेच बरेच स्लॅब विकत असेल, तर एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे ऑनलाइन तक्रार करा. कार्ड टपालाने आलं असेल तर अमेरिकी टपाल खात्याची तपास शाखाही ते हाताळते. या छंदातले मोठे खटले मेल फ्रॉड आणि वायर फ्रॉडच्या कलमांखालीच उभे राहिले आहेत. विक्रेता तुमच्याच राज्यात असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. कॅलिफोर्नियात व्यक्तीला साडेबारा हजार डॉलरपर्यंतचा दावा तिथे वकिलाशिवाय लावता येतो. इतर राज्यांच्या मर्यादा वेगळ्या.

एक कृपा करा: तुम्हाला कापलेलं कार्ड मिळालं म्हणून ते गुपचूप पुढच्याला विकू नका. ठाऊक असताना न सांगता विकलं की फसवणारे तुम्ही. विकायचंच असेल तर वर्णनात स्पष्ट लिहा, किंवा पुन्हा पाठवून ऑथेंटिक ऑल्टर्ड, म्हणजे अस्सल पण फेरफार केलेलं, अशी चिठ्ठी घ्या. अशा कार्डांनाही गिऱ्हाईक असतं. पूर्ण भावाचा टी२०६ न परवडणारे संग्राहक कापलेला, पण कापलेला म्हणूनच विकलेला, आनंदाने घेतात.

११. भारतातून मागवत असाल तर

अमेरिकेतून पुण्याला-ठाण्याला स्लॅब मागवताना कस्टम ड्यूटी आणि कुरियर धरून हिशेब करा. परत पाठवायची वेळ आली तर भरलेली ड्यूटी आपोआप परत येत नाही, आणि जाता-येता विमा कुणी काढायचा यावर वाद होतो. अमेरिकेत नातेवाईक असतील तर वस्तू आधी त्यांच्याकडे उतरवा, तिथेच तपासून घ्या, मुदतीत काय ते ठरवा, आणि मगच पुढे आणा.

क्रिकेटची कार्डंही ग्रेड होतात. सचिनची नव्वदच्या दशकातली कार्डं स्लॅबमध्ये विकायला येतात. तिथे मात्र पाचवी पायरी लंगडी पडते, कारण बेसबॉलसारखे दशकांचे लिलाव आणि त्यांचे फोटो मागे नाहीत. अशा वेळी मालकाची साखळी विचारा: कुणाकडून, कधी, कितीला घेतलं, तेव्हाचा फोटो आहे का. आणि तुमच्याकडे आज जी कार्डं आहेत, त्यांचे दोन्ही बाजूंचे सपाट स्कॅन तारीख टाकून ठेवून द्या. विकताना ती फाइल कार्डासोबत पुढच्या मालकाला द्या.